मजकुरी मेनू कसा लिहायचा? नव्याने प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोग्रामिंग शिकवताना दर बॅचला मेनूपाशी गाडी अडते, आणि प्रश्नही बहुतेक तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच आहे: घरच्या दुधाच्या रतिबाचा हिशेब. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आपण लिटर आणि खाडे मांडतो, तेच काम प्रोग्रामकडून करून घ्यायचं. भाषा मुख्यतः पायथन आहे. कॉलेजात सी किंवा जावा असेल तर प्र. १५ ते १७ जरूर वाचा.

कोडमधले पायथनचे शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते पायथनच्या मूळ रोमन स्पेलिंगनेच टाइप करा आणि कोडमधले आकडे इंग्रजी अंकांत लिहा.

१. मजकुरी मेनू म्हणजे नेमकं काय? बटणांच्या आणि टचस्क्रीनच्या काळात तो शिकायचा कशाला?

पडद्यावर पर्यायांची यादी छापायची, माणसाला एक आकडा टाकायला सांगायचं, त्याप्रमाणे काम करायचं आणि पुन्हा यादी दाखवायची. एवढंच. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये याला ‘मेनू-ड्रिव्हन प्रोग्राम’ म्हणतात.

शिकायचं अशासाठी की लूप, अट, फंक्शन, यादी आणि चुकीच्या इनपुटची काळजी या पाचही गोष्टी इथे पहिल्यांदा एकत्र येतात. त्याआधीचे प्रोग्राम आपणच चालवतो आणि आपल्याला हवं तेच टाइप करतो. मेनू मात्र दुसऱ्या माणसासाठी लिहिलेला असतो, आणि तो माणूस काय टाइप करेल हे आपल्या हातात नसतं. पुढचे निम्मे प्रश्न याच एका कारणातून आले आहेत.

२. सगळ्यात लहान, पण खरोखर चालणारा मेनू कसा दिसतो?

```
व्हाइल ट्रू:
    प्रिंट("१. आजचं दूध लिहा")
    प्रिंट("२. खाडा लिहा")
    प्रिंट("३. महिन्याचा हिशेब")
    प्रिंट("४. चुकीची नोंद पुसा")
    प्रिंट("०. बाहेर")
    निवड = इनपुट("आकडा टाका: ").स्ट्रिप()
    इफ निवड == "१":
        दूध_लिहा()
    एलिफ निवड == "२":
        खाडा_लिहा()
    एलिफ निवड == "३":
        हिशेब_दाखवा()
    एलिफ निवड == "४":
        नोंद_पुसा()
    एलिफ निवड == "०":
        ब्रेक
    एल्स:
        प्रिंट("असा पर्याय नाही:", निवड)
```

‘दूध_लिहा()’सारखी फंक्शनं या कोडच्या वर तुम्ही स्वतः लिहायची आहेत. शेवटचं ‘एल्स’ कधीही गाळू नका. ते नसेल तर चुकीचा आकडा टाकणाऱ्याला काहीच उत्तर मिळत नाही, नुसती यादी पुन्हा येते. आपलं टाइप केलेलं पोचलं की नाही, हे त्याला कळायला मार्गच उरत नाही. त्याने जे टाइप केलं तेच त्याला परत दाखवलं, तर आपली चूक त्याची त्यालाच दिसते.

३. माझा मेनू एकदाच दिसतो आणि प्रोग्राम संपतो. काय चुकलं?

बहुतेक वेळा लूपच नसतो. लूप असेल तर समास तपासा. पायथनमध्ये ओळीआधीची मोकळी जागा म्हणजेच लूपची हद्द. यादी छापणाऱ्या ओळी लूपच्या बाहेर राहिल्या तर मेनू एकदाच छापला जातो आणि पुढे फक्त ‘आकडा टाका’ येत राहतं. ‘ब्रेक’ ‘इफ-एलिफ’ची रांग संपल्यावर ‘इफ’च्याच पातळीवर लिहिला गेला, तर काहीही निवडलं तरी पहिल्याच फेरीत प्रोग्राम संपतो.

४. लूप न लावता मेनूच्या फंक्शनने शेवटी स्वतःलाच बोलावलं तर चालेल का?

दिसायला चालतं, म्हणूनच ही सवय लागते. पण प्रत्येक वेळी आधीचं फंक्शन संपत नाही, ते मागे ताटकळत राहतं. पायथनमध्ये अशा साखळीला साधारण १००० हाकांची मर्यादा असते. ती ओलांडली की ‘रिकर्शनएरर’ येतो.

ही हाक शेवटी नसून लूपच्या आतून मारलेली असेल, तर त्याच्या बरंच आधी दिसणारं लक्षण म्हणजे ‘बाहेर’ दोन-तीनदा निवडावं लागणं. सगळ्यात आतला मेनू संपतो आणि त्याच्यामागे ताटकळलेला मेनू पुन्हा जागा होतो. प्रोग्राम हट्टाने बाहेर पडत नसेल तर आधी मेनूच्या फंक्शनमध्ये त्याचं स्वतःचंच नाव शोधा. ते मिळालं तर काढून टाका आणि लूप लावा.

५. मी बरोबर १ दाबतोय, तरी ‘असा पर्याय नाही’ असंच येतं. का?

कारण ‘इनपुट’ कायम मजकूर देतो, संख्या कधीच देत नाही. कोडमध्ये अवतरणचिन्हांशिवाय १ लिहिलं असेल तर तुलना मजकुराची संख्येशी होते. ती असत्य ठरते, आणि पायथन त्याबद्दल तक्रारही करत नाही. दोन्हीकडे मजकूर ठेवा किंवा दोन्हीकडे संख्या.

मेनूसाठी मला मजकूरच बरा वाटतो. पर्यायांची आपण बेरीज करणार नसतो, ती फक्त नावं असतात. लिटरची संख्या करावीच लागते, तिचं प्र. ७ मध्ये.

दुसरं कारण आकड्याच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा. प्र. २ मधला ‘स्ट्रिप’ त्यासाठीच आहे.

६. कोणी मराठी अंक टाइप केला तर?

हा प्रश्न आपल्याकडे खरोखर येतो. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि इंग्रजी तीनऐवजी मराठी तीन उमटला, तर मजकुराच्या तुलनेत ती दोन वेगळी अक्षरं आहेत. मेनू म्हणतो, पर्याय नाही.

गंमत अशी की मजकुराची पूर्ण संख्या करणाऱ्या ‘इंट’ला मात्र देवनागरी अंक कळतात. पायथन ३ मध्ये मराठी अंकांत लिहिलेला मजकूर ‘इंट’कडे दिला तर बरोबर संख्या मिळते. दशांश संख्या करणाऱ्या ‘फ्लोट’चंही तसंच, त्यामुळे मराठीत टाइप केलेलं १.५ नीट वाचलं जातं. म्हणून निवड आधी ‘इंट’ने संख्येत बदला, मग ‘एसटीआर’ने पुन्हा मजकूर करा. दोन्ही अंक एकाच रूपात येतात. अर्थात हे ‘ट्राय’च्या आत (प्र. ७).

यातल्या तीन आडवाटा लक्षात ठेवा. प्रोग्रामच्या कोडमध्येच, अवतरणचिन्हांशिवाय, मराठी अंक लिहिला तर पायथन तो नाकारतो. मजकुरात फक्त अंक आहेत का हे ‘इझडिजिट’ने तपासत असाल तर ‘इझडेसिमल’ वापरा, कारण वर्ग दाखवणारा छोटा, वर चढवलेला दोन ‘इझडिजिट’मधून पास होतो आणि ‘इंट’मध्ये आपटतो. आणि भाषा बदलली की नियम बदलतो: जावाच्या ‘पार्सइंट’ला देवनागरी अंक कळतात, सीच्या ‘एटीओआय’ला कळत नाहीत.

७. लिटर विचारल्यावर कोणी अक्षरं टाइप केली की प्रोग्राम कोसळतो. कसं सांभाळायचं?

‘फ्लोट’ला न समजणारा मजकूर मिळाला की ‘व्हॅल्यूएरर’ येतो. त्याला ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’मध्ये पकडायचं आणि पुन्हा विचारायचं. हे एका वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तेच लिहावं लागत नाही:

```
डेफ लिटर_विचारा():
    व्हाइल ट्रू:
        मजकूर = इनपुट("किती लिटर? ").स्ट्रिप()
        इफ मजकूर इन शब्द:
            रिटर्न शब्द[मजकूर]
        ट्राय:
            रिटर्न फ्लोट(मजकूर)
        एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
            प्रिंट("कळलं नाही. १ किंवा ०.५ असं लिहा.")
```

वरच्या कोडमधला ‘शब्द’ हा कोश (पायथनची ‘डिक्शनरी’) मला माझ्या मावशीमुळे सुचला. पहिला प्रोग्राम तिच्यापुढे ठेवला, तर ‘किती लिटर?’ला तिने सरळ ‘दीड’ लिहिलं. प्रोग्राम कोसळला, आणि चूक तिची मुळीच नव्हती. दूध घेताना आपण बोलतोच तसं. मग पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आणि त्यांची ०.२५, ०.५, ०.७५, १.२५, १.५, २.५ ही मूल्यं अशा सहा जोड्यांचा कोश केला. कोडच्या दोन-तीन ओळींचं काम. त्यानंतर तिने महिनाभर हिशेब त्यात ठेवला. तुमचा मेनू अशाच एखाद्या माणसाला चालवायला द्या, शेजारी गप्प बसा आणि तो काय टाइप करतो ते लिहून घ्या. माझ्या मते चाचणीची याहून चांगली रीत नाही.

आणखी एक बारकावा: पूर्ण लिटरच घेत असाल म्हणून ‘इंट’ वापरलं, तर १.५ या मजकुरालाही ‘व्हॅल्यूएरर’ येतो. ‘इंट’ मजकुरातला दशांश कापत नाही, तो मजकूरच नाकारतो.

८. ट्राय-एक्सेप्ट घातल्यापासून प्रोग्राम बंदच होत नाही. कंट्रोल आणि सी दाबूनही नाही!

तुम्ही ‘एक्सेप्ट’पुढे कुठल्या चुकीसाठी ते लिहिलेलं नाही. नुसतं ‘एक्सेप्ट’ सगळंच पकडतं: कंट्रोल-सीने येणारा ‘कीबोर्डइंटरप्ट’ही आणि ‘एक्झिट’ने येणारी बाहेर पडण्याची सूचनाही. लूपच्या आत असं असेल तर माणूस अक्षरशः कोंडला जातो. ‘एक्सेप्ट व्हॅल्यूएरर’ असं नाव घेऊन लिहा.

नुसत्या ‘एक्सेप्ट’चा दुसरा तोटा अधिक घातक आहे. तुमच्याच कोडमधली चूक, समजा फंक्शनच्या नावातलं स्पेलिंग, ‘कळलं नाही’ या संदेशामागे लपते. दोष कोडचा असतो आणि बोल वापरणाऱ्याला लागतो.

९. ‘एलिफ’ची रांग फार लांबली. दुसरा मार्ग आहे का?

पाच-सहा पर्यायांसाठी रांगच ठेवा, ती कोणालाही वाचता येते. पायथनमध्ये १९९१ पासून कितीतरी वर्षं ‘स्विच’सारखं काही नव्हतंच. ‘मॅच’ आणि ‘केस’ आले ते ३.१० आवृत्तीत, २०२१ साली. कॉलेजच्या जुन्या संगणकांवर त्याआधीची आवृत्ती असेल तर ‘मॅच’ची ओळ वाक्यरचनेची चूक म्हणून परत येते.

पर्याय दहाच्या पुढे गेले तर डिक्शनरी करा: एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला मेनूतला मजकूर आणि फंक्शन. यादी त्याच डिक्शनरीतून छापायची, निवडही तिथूनच शोधायची. म्हणजे यादीत ‘४. पुसा’ दिसतं आणि कोडमध्ये चारवर भलतंच काम आहे, असं होत नाही.

१०. डिक्शनरी केली, पण प्रोग्राम सुरू होताच सगळी कामं आपोआप होतात. का?

फंक्शनच्या नावापुढे कंस दिले आहेत म्हणून. ‘दूध_लिहा()’ म्हणजे आत्ता, इथे, काम कर. ‘दूध_लिहा’ म्हणजे नुसतं नाव. डिक्शनरीत नाव ठेवा, कंस निवड झाल्यावर द्या.

११. नोंद करतो, पण हिशेब बघितला की शून्य. नोंदी जातात कुठे?

रिकामी यादी तयार करणारी ओळ लूपच्या आत आहे, त्यामुळे प्रत्येक फेरीत वही नवी होते. ती ओळ लूपच्या वर न्या.

प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडल्यावर नोंदी गेल्या असतील तर ते स्वाभाविक आहे. त्या फक्त मेमरीत होत्या, त्यांना फाइलमध्ये लिहावं लागतं. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट सांगा, नाहीतर विंडोजवर मराठी मजकूर लिहिताना चूक येऊ शकते. आणि फाइल प्रत्येक नोंदीनंतर लिहा, ‘बाहेर’ची वाट पाहू नका. माणसं खिडकी फुलीवरूनच बंद करतात, आणि वीज सांगून जात नाही.

१२. ‘चुकीची नोंद पुसा’मधून भलतीच नोंद पुसली जाते.

माणूस एकपासून मोजतो, पायथनची यादी शून्यापासून. म्हणून आलेल्या आकड्यातून एक वजा करावा लागतो, हे बहुतेकांना माहीत असतं.

खरी खोच पुढे आहे. कोणी ‘नको, परत जातो’ म्हणून ० टाकलं, तर वजा एक उरतो, आणि पायथनमध्ये वजा एक म्हणजे यादीतली शेवटची नोंद. काहीही न कुरकुरता तीच पुसली जाते. ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती महिनाअखेरीला हिशेब जुळेना तेव्हा कळली. आकडा एक ते नोंदींची संख्या यांच्यामध्ये आहे का, हे वजाबाकीच्या आधी तपासा. पुसण्यापूर्वी ती नोंद तारखेसकट दाखवा आणि ‘पुसू का?’ विचारा. उत्तरात ‘हो’, ‘होय’, ‘हां’ तिन्ही धरा. बाकी सगळ्याचा अर्थ नाही.

१३. मेनूच्या आत मेनू कसा करायचा?

उपमेनूसाठी वेगळं फंक्शन, त्यात त्याचा स्वतःचा लूप. ‘मागे’ निवडल्यावर ‘रिटर्न’ करा, म्हणजे माणूस मुख्य मेनूत परत येतो. तिथून मुख्य मेनूला नव्याने हाक मारू नका, नाहीतर प्र. ४ चा घोळ होतो. शून्य प्रत्येक पातळीवर ‘मागे’ किंवा ‘बाहेर’साठीच राखा.

१४. प्रत्येक वेळी पडदा पुसावा का? आणि मराठी मजकुराचे रकाने सरळ का येत नाहीत?

पुसण्याची आज्ञा विंडोजवर ‘सीएलएस’, लिनक्स आणि मॅकवर ‘क्लिअर’. माझा सल्ला: पुसू नका. आत्ताच छापलेला हिशेब किंवा चूक सांगणारा संदेश वाचण्याआधीच निघून जातो. पुसायचंच असेल तर आधी ‘पुढे जाण्यासाठी एंटर दाबा’ असं थांबवा.

रकान्यांचं कारण वेगळं आहे. ‘दूध’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण पायथन त्याची लांबी ३ सांगतो: द, ऊकार आणि ध. ‘बेरीज’ची लांबी ५. ‘एलजस्ट’ ही लांबी धरून जागा भरतो, म्हणून जितके काना-मात्रा जास्त तितका रकाना सरकतो. साधा उपाय असा की आकडे आधी छापायचे आणि मराठी शब्द ओळीच्या शेवटी. मग त्याच्या लांबीने काही बिघडत नाही. शब्दांच्या जागी चौकोन दिसत असतील तर बहुधा त्या खिडकीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही.

१५. सीमध्ये ‘स्विच’ वापरला. एक निवडलं की दोन आणि तीनही चालतात. आणि ‘बाहेर’ला ब्रेक देऊनही मेनू संपत नाही.

दोन्हीचं मूळ ‘ब्रेक’मध्ये आहे. ‘केस’च्या शेवटी तो नसेल तर सी पुढच्या ‘केस’मध्ये घरंगळत जाते. आणि ‘स्विच’मधला ‘ब्रेक’ फक्त ‘स्विच’मधून बाहेर काढतो, बाहेरच्या लूपमधून नाही. त्यासाठी ‘डू-व्हाइल’ घ्या आणि निवड शून्य नसेपर्यंत चालव अशी अट खाली लिहा. (पायथनच्या ‘मॅच’मध्ये यातला पहिला त्रास नाही. तिथला ‘ब्रेक’ थेट लूपच तोडतो.)

निवड ‘कॅर’मध्ये घेत असाल तर ‘केस’मध्ये एकेरी अवतरणचिन्हं हवीत. एक या अक्षराचं मूल्य १ नसून ४९ असतं.

टर्बो सीवर शिकलेल्यांसाठी: ‘क्लिअर स्क्रीन’ची ती ओळ आणि ‘कोनिओ’ हेडर त्या कंपायलरचे आहेत. जीसीसीवर लिनक्समध्ये ते मिळणार नाहीत, काढून टाका.

१६. सीमध्ये चुकून अक्षर टाइप झालं की मेनू वेड्यासारखा पळत सुटतो.

‘स्कॅनएफ’ संख्या शोधत होता, त्याला अक्षर दिसलं, म्हणून त्याने ते तिथेच सोडलं. पुढच्या फेरीत तेच अक्षर पुन्हा समोर. अशा फेऱ्या संपतच नाहीत. ‘स्कॅनएफ’ किती गोष्टी वाचल्या ते परत सांगतो. तो आकडा १ नसेल तर ओळ संपेपर्यंत एकेक अक्षर वाचून टाकून द्या. त्याहून बरं म्हणजे ‘एफगेट्स’ने पूर्ण ओळच घ्या आणि मग तिच्यातून संख्या काढा.

‘एफफ्लश’ला ‘एसटीडीइन’ देण्याचा उपाय अनेक जर्नलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या उतरवला गेला आहे. सीच्या प्रमाणकानुसार त्याचं वर्तन ठरलेलं नाही. एका संगणकावर चालेल, दुसऱ्यावर नाही. तोंडी परीक्षेत त्यावरून विचारलं तर हेच उत्तर द्या.

१७. जावामध्ये निवड दिल्यावर नाव विचारायचं असतं, पण नाव न घेताच प्रोग्राम पुढे जातो.

‘नेक्स्टइंट’ आकडा उचलतो, पण त्यामागची एंटर तशीच ठेवतो. पुढचा ‘नेक्स्टलाइन’ ती एंटर रिकामी ओळ म्हणून घेतो. सगळीकडे ‘नेक्स्टलाइन’च वापरा आणि संख्या हवी तिथे ‘पार्सइंट’. मजकुरांची तुलना ‘इक्वल्स’ने करा, दोन बरोबरच्या चिन्हांनी नाही.

१८. फंक्शनची नावं मराठीत ठेवली, दिसायला बरोबर आहेत, तरी एका नावावर चूक येते. असं का?

पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात. पण काही कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारं जोडचिन्ह घालतात, विशेषतः ‘ऱ्या’सारख्या ठिकाणी, आणि ते चिन्ह नावात चालत नाही. ते नाव पुसून नव्याने टाइप करा. त्रास राहिलाच तर असं जोडाक्षर नसलेला शब्द निवडा.

१९. लिटर शून्यापेक्षा मोठे आहेत का ते तपासतो. तरीही एका मित्राने काहीतरी टाइप केलं आणि महिन्याचा हिशेब ‘नॅन’ झाला. हे काय आहे?

त्याने इंग्रजीत तीन अक्षरांचा ‘नॅन’च टाइप केला असणार. ‘संख्या नाही’ या अर्थाचं ते मूल्य ‘फ्लोट’ बिनतक्रार स्वीकारतो, ‘व्हॅल्यूएरर’ येतच नाही, म्हणून प्र. ७ मधला पहारा इथे कमी पडतो. त्यात कशाचीही बेरीज केली की उत्तर ‘नॅन’. अनंत या अर्थाचा ‘इन्फ’ही तसाच आत शिरतो.

तुमची तपासणी ‘लिटर शून्य किंवा कमी असेल तर नाकार’ अशी असणार. ‘नॅन’शी केलेली लहान-मोठी अशी प्रत्येक तुलना असत्य ठरते, त्यामुळे नाकारायची अटही असत्य आणि तो सुखरूप आत. अट उलटी लिहा: लिटर शून्यापेक्षा जास्त आणि २० पर्यंत असतील तरच स्वीकार, नाहीतर पुन्हा विचार. वरच्या मर्यादेने ‘इन्फ’ही अडतो, आणि १.५० लिहिताना टिंब राहून झालेले १५० सुद्धा.